शाळेच्या हिरवळीसाठी फवारणी पंप : निवड, रचना व निगा

ज्या शाळांना बाग आहे, त्यांपैकी पुष्कळ शाळांच्या अडगळीत एखादा निकामी झालेला फवारणी पंप पडलेला असतो. घेतला त्या वर्षी तो चांगला चालला. पुढील वर्षी दाब धरीनासा झाला. त्यानंतर कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. पंपच हलका होता, असे सर्वजण म्हणतात. परंतु तो उघडून पाहिला असता बहुधा असे आढळते की, टाकी धड आहे, नळी धड आहे, दांडाही धड आहे. केवळ दट्ट्याचा वायसर आकसलेला आहे, किंवा तोटीच्या भोकात क्षार साचले आहेत. थोड्या पैशांचा एक भाग वेळेवर न मिळाल्यामुळे सबंध वस्तू वाया गेलेली असते.

पंपाचा टिकाऊपणा त्याच्या चकाकीवर किंवा वजनावर अवलंबून नसतो. जो पंप गावात उघडता येतो, ज्याचा झिजणारा भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो आणि जो प्रत्येक वापरानंतर धुतला जातो, तोच टिकतो. शाळेच्या बाबतीत ह्याहून महत्त्वाची आणखी एक गोष्ट आहे. शाळेचा पंप मुलांच्या वावरण्याच्या जागी वापरला जातो. म्हणून तो टिकाऊ असण्याबरोबरच निर्धोक असला पाहिजे. प्रस्तुत पाठात पंपाची निवड, रचना, वापर व निगा यांचा विचार केला असून, वर्गाध्यापनात त्याचा उपयोग कसा करता येईल हेही दाखविले आहे.

१. शाळेचा पंप स्वतंत्र असावा

हिरवळीवर फवारणी करावयाची झाली की, गावातील एखाद्या शेतकऱ्याचा पंप तासाभरासाठी मागून आणण्याची प्रथा आहे. शेतकरी आनंदाने देतो; पण ही प्रथा सोडून द्यावी हे बरे. शेतातील पंपातून कोणकोणती औषधे फवारली गेली आहेत, हे शाळेला माहीत नसते. टाकीच्या तळाशी, रबरी नळीत आणि गाळणीत औषधाचा अंश राहतो, आणि तो नुसत्या एका विसळण्याने जात नाही.

उदाहरणार्थ, २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या वनस्पतींना मारते, गवताला सहसा मारीत नाही. त्याचा अंश राहिलेला पंप हरळीच्या हिरवळीवर वापरला तर काहीच अपाय दिसत नाही. त्याच पंपाने दुसऱ्या दिवशी परसबागेतील टोमॅटोवर फवारले की, पाने वळू लागतात, शेंडे वाकडे होतात. टोमॅटो व कापूस यांसारखी पिके ह्या औषधाच्या अगदी अल्प अंशानेही बिघडतात. कारण शोधू गेल्यास रोग किंवा कीड सापडत नाही. दोष पंपाचा असतो.

झाडाचे नुकसान भरून येते, माणसाचे येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ बालके मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पहिल्या घटनेत विष फवारणाऱ्याच्या अंगावर आले, दुसऱ्या घटनेत ते मुलांच्या ताटात पोचले. दोन्ही घटनांपासून शाळेने घ्यावयाचा धडा एकच आहे : विषारी औषध, त्याची रिकामी बाटली आणि त्यासाठी वापरलेला पंप यांपैकी काहीही शाळेच्या कुंपणाच्या आत येऊ देऊ नये.

म्हणून शाळेचा पंप शाळेचाच असावा. त्यात पुढील चार द्रव्यांखेरीज काहीही भरू नये : साधे पाणी, साबणाचे सौम्य पाणी, निंबोळी अर्क आणि युरियाचे सौम्य द्रावण. हिरवळीतील तणासाठी तणनाशकाची गरज नाही. लव्हाळ्यासारखे तण खुरप्याने, त्याच्या जमिनीतील गाठींसह काढावे. ज्या गवतावर मुले अनवाणी खेळतात आणि बसून डबा खातात, तेथे हाच मार्ग हितावह होय.

२. पंपाचे प्रकार

बाजारात साधारणपणे पाच प्रकारचे पंप दिसतात.

(अ) हातपिचकारी : अर्धा ते दोन लिटरची. कुंड्या व रोपे यांस पुरेशी, हिरवळीस अपुरी.

(आ) दाबाचा पंप : ह्यात प्रथम हवा भरून दाब निर्माण करावयाचा व मग खटका दाबून फवारावयाचे. पाच ते आठ लिटरचे पंप सहज मिळतात.

(इ) पाठीवरचा पंप : साधारणतः १६ लिटरचा. एका हाताने दांडा सतत हलवावा लागतो, दुसऱ्या हाताने फवारावयाचे असते.

(ई) पायपंप : ह्यास दोन माणसे लागतात. उंच फळझाडांस उपयुक्त.

(उ) बॅटरीवरचा पंप : श्रम वाचतात, परंतु बॅटरी दीर्घ सुट्टीत विनावापर राहिल्यास खराब होते.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम असते. १६ लिटरचा पंप भरल्यावर त्यात १६ किलोग्रॅम पाणीच होते, शिवाय पंपाचे वजन निराळे. शाळेच्या हिरवळीस एवढ्या ओझ्याचे प्रयोजन नाही. पाच ते आठ लिटरचा दाबाचा पंप बहुतेक शाळांस पुरतो. त्याची रचना सोपी असते, तो उघडून मुलांस दाखविता येतो, आणि त्यात बिघडण्याजोगे भागही थोडे असतात.

३. रचना व कार्य

दाबाच्या पंपाचे मुख्य भाग असे : टाकी, टाकीच्या तोंडात बसणारी नळकांडी, नळकांडीत वरखाली होणारा दट्ट्या, दट्ट्याच्या टोकाला पेल्याच्या आकाराचा वायसर, नळकांडीच्या तळाची झडप, टाकीच्या तळापर्यंत पोचणारी आतली नळी, बाहेरची रबरी नळी, खटका, फवारणीची दांडी, आणि टोकाची तोटी, जिला बाजारात नोझल म्हणतात.

दट्ट्या वर ओढला असता वायसरची कड किंचित आत दबते आणि बाहेरची हवा तिच्या बाजूने नळकांडीत उतरते. दट्ट्या खाली दाबला असता तीच कड पसरून नळकांडीच्या भिंतीला घट्ट चिकटते; कोंडलेली हवा तळाची झडप उघडून टाकीत शिरते. झडप एकाच दिशेने उघडत असल्यामुळे हवा परत येऊ शकत नाही. टाकीतील हवा दाट होत जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देते. खटका उघडताच पाणी आतल्या नळीतून वर चढते व तोटीच्या बारीक भोकातून तुषाररूपाने बाहेर पडते.

टाकी काठोकाठ का भरू नये, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. हवेचे आकारमान दुप्पट झाले असता तिचा दाब निम्मा होतो, हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. तपमान कायम आहे असे धरून वातावरणाचा दाब १ मानू. पंपाची टाकी ६ लिटरची आहे.

पहिल्या खेपेस ४ लिटर पाणी भरले. हवेस २ लिटर जागा राहिली. हवा भरून दाब ३ केला. एक लिटर पाणी फवारल्यावर हवेची जागा ३ लिटर झाली, म्हणून दाब २ राहिला. फवारा अजून चालू आहे.

दुसऱ्या खेपेस ५½ लिटर पाणी भरले. हवेस अर्धा लिटर जागा राहिली. दाब तितकाच, म्हणजे ३ केला. एक लिटर पाणी गेल्यावर हवेची जागा १½ लिटर, म्हणजे तिप्पट झाली. दाब १ वर आला. बाहेरच्या हवेचा दाबही १ च असल्यामुळे फवारा थांबला.

यावरून, टाकीचा सुमारे एकतृतीयांश भाग हवेसाठी मोकळा ठेवावा आणि फवारा मंदावू लागताच पुन्हा हवा भरावी. काठोकाठ भरलेल्या पंपात दट्ट्या वारंवार मारावा लागतो, वायसर लवकर झिजतो आणि दोष पंपाला दिला जातो.

४. निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

पंपाच्या घडणीत पितळ का आढळते, ह्याचा इतिहास उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांचे मिश्रण मिलार्दे ह्या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या भागातील नगरावरून त्यास बोर्डो मिश्रण म्हणतात. महाराष्ट्रातील बागाईतदारांनाही ते परिचित आहे. मोरचूद लोखंडास खाऊन टाकतो. म्हणून फवारणीच्या साधनांत तांब्यापितळेचे भाग आले. आज टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात, परंतु दांडी, तोटी व खटका यांस पितळ अजूनही उत्तम. ते गंजत नाही आणि त्याचे आटे लवकर झिजत नाहीत.

खरेदीचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीत व्हावा आणि दरपत्रकांत केवळ किंमत न पाहता पुढील गोष्टींची तुलना करावी.

(१) सुटे भाग : पेल्याचा वायसर, रबरी कडी, झडप, तोटी व नळी हे पाच भाग सुटे मिळतात काय, आणि कोठे? विक्रेत्याने हे भाग दुकानात काढून दाखवावेत. ज्या पंपाचे भाग चिकटवून बंद केलेले असतात, तो स्वस्त असला तरी एका वर्षाचा समजावा.

(२) तोंड : टाकीचे तोंड हात आत जाण्याइतके रुंद असावे आणि त्यात जाळीची गाळणी असावी. अरुंद तोंडाची टाकी आतून स्वच्छ होत नाही.

(३) दाब सोडणारी झडप : दाब प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप हवा सोडणारी झडप असलाच पाहिजे असा पंप घ्यावा. ती नसलेला पंप शाळेसाठी घेऊ नये.

(४) टाकी : जाडी सर्वत्र सारखी असावी. पाण्याची पातळी बाहेरून दिसावी व लिटरच्या खुणा असाव्यात. बूड रुंद असावे, म्हणजे पंप कलंडत नाही.

(५) नळी : रबरी नळी दोन्ही टोकांस कड्याने आवळलेली असावी, म्हणजे टोक फाटल्यास तेवढे कापून पुन्हा बसविता येते.

(६) तोटी : हिरवळीसाठी पंख्याप्रमाणे चपटा फवारा देणारी, पानांसाठी पोकळ शंकूसारखा फवारा देणारी, अशा दोन तोट्या घ्याव्यात.

(७) मानक : भारतीय मानक ब्युरोची खूण असलेल्या पंपास प्राधान्य द्यावे.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच परीक्षा घ्यावी. दोनतृतीयांश टाकी साध्या पाण्याने भरावी, दाब द्यावा, खटका बंद ठेवावा आणि सर्व सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. जेथे बुडबुडे येतील तेथून हवा जात आहे. त्यानंतर पंप अर्धा तास तसाच ठेवून खटका उघडावा. फवारा पूर्वीप्रमाणेच जोराचा निघाल्यास पंप दाब धरतो असे समजावे. नव्या पंपाबरोबरच दोन वायसर व एक तोटी जादा घ्यावी. पुढे त्याच नमुन्याचे भाग मिळण्याची खात्री नसते.

५. हिरवळीवर फवारणी

किती पाणी लागेल हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. हिरवळीवर ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद असा भाग दोरीने आखावा. पंपात साधे पाणी भरून, नेहमीच्या चालीने चालत, तो भाग सर्वत्र सारखा भिजेल असा फवारावा. समजा, १ लिटर पाणी लागले; म्हणजे २० चौरस मीटरला १ लिटर. सबंध हिरवळ १२ मीटर लांब व १० मीटर रुंद असेल, तर १२० चौरस मीटरला ६ लिटर लागतील. सहा लिटरच्या पंपात एका वेळी ४ लिटरच भरावयाचे असल्यामुळे दोन खेपा होतील.

निंबोळी अर्क ५ टक्के करावयाचा असल्यास प्रत्येक लिटरला ५० ग्रॅम निंबोळीचे चूर्ण, ह्या प्रमाणाने ६ लिटरला ३०० ग्रॅम चूर्ण लागेल. ते रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पिळावे, फडक्यातून दोनदा गाळावे, थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि पाणी घालून एकूण ६ लिटर करावे. नीट न गाळलेला अर्क हे तोटी तुंबण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. अर्क त्याच दिवशी संपवावा.

हिरवळ पिवळी पडल्यास युरियाचे १ टक्का द्रावण, म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम, उन्हे उतरल्यावर फवारावे. अधिक तीव्र द्रावणाने पाती करपतात.

फवारणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वारा नसताना करावी. अर्काची व युरियाची फवारणी शिक्षकांनी किंवा इतर प्रौढ व्यक्तीने करावी आणि हिरवळ सुकेपर्यंत मुलांस तेथे जाऊ देऊ नये. विद्यार्थ्यांच्या हाती पंप द्यावयाचा तो साध्या पाण्याचाच.

६. निगा

(१) काम संपताच प्रथम दाब सोडावा, नंतरच झाकण उघडावे. दाब असताना झाकण फिरविल्यास नळकांडी उसळून तोंडावर येऊ शकते.

(२) पंप तीन वेळा धुवावा. प्रत्येक वेळी स्वच्छ पाणी तोटीतून बाहेर काढावे. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा पिण्याच्या पाण्याजवळ टाकू नये.

(३) तोटीत तार, टाचणी किंवा खिळा घालू नये. भोक एकदा रुंदावले की फवारा बिघडतो. मऊ कुंचल्याने साफ करावी. तोंडाने कधीही फुंकू नये. विंधनविहिरीच्या पाण्याचे क्षार बसले असल्यास तोटी थोडा वेळ लिंबाच्या रसात ठेवून धुवावी.

(४) चामड्याचा वायसर सुट्टीत वाळून आकसतो. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर तो रात्रभर एरंडेलात ठेवल्यास पुष्कळदा पुन्हा कामास येतो. रबराच्या वायसरला मात्र खनिज तेल लावू नये, ते रबर फुगविते. साबणाचे पाणी पुरे.

(५) पंप उन्हात ठेवू नये. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते. पाणी निथळवून, झाकण सैल ठेवून, उंदरांपासून दूर टांगून ठेवावा.

(६) तोटीची झीज वर्षातून दोनदा तपासावी. नवी तोटी लावून, ठरावीक पाणी भरून व दट्ट्याचे ठरावीक फटके मारून, एका मिनिटात किती पाणी निघते ते मोजून लिहून ठेवावे. समजा, ५०० मिलिलिटर निघाले. पुढे त्याच रीतीने मोजता ५५० मिलिलिटरपेक्षा अधिक निघू लागल्यास, म्हणजे वाढ १० टक्क्यांहून अधिक झाल्यास, तोटी बदलावी.

खरेदीची तारीख, विक्रेता, सुट्या भागांचा नमुना आणि केलेली दुरुस्ती यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत पंपाच्या नावासमोर करावी. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांच्या बदल्या होतात. पंपाची माहिती एकाच शिक्षकाच्या स्मरणात राहिली, तर त्याच्या बदलीबरोबर तीही जाते, आणि नव्या शिक्षकास अडगळीतील पंपाचा वायसर कोणत्या मापाचा हेही कळत नाही. कार्यभार देताना जादा वायसर व तोटी यांची डबी पंपाबरोबर मोजून द्यावी.

७. अध्यापनात उपयोग

धुण्याच्या कृतीतून अपूर्णांकांचा एक उत्कृष्ट पाठ होतो. समजा, पंपात १०० मिलिलिटर अर्क चिकटून राहिला आहे. ९०० मिलिलिटर पाणी घालून ढवळले व पुन्हा १०० मिलिलिटर उरेपर्यंत काढून टाकले, तर अर्काची तीव्रता १/१० राहते. असे तीनदा केल्यास १/१० × १/१० × १/१० = १/१०००. तेच २,७०० मिलिलिटर पाणी एकदम घातले तर तीव्रता १००/२८००, म्हणजे १/२८ राहते. पाणी तेवढेच, परंतु स्वच्छतेत मोठे अंतर. स्वयंपाकाची भांडी तीन पाण्यांनी का धुतात, ह्याचेही उत्तर मुलांस ह्यात सापडेल.

कीटकनाशकाच्या वेष्टनावरील खूण हा दुसरा पाठ. वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता दर्शवितो. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा, असा उतरता क्रम आहे. फळ्यावर रंगीत खडूंनी ही चार चित्रे काढावीत; खरी बाटली वर्गात आणू नये. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असे नव्हे, हे स्पष्ट सांगावे. ज्या घरांत औषधाच्या बाटल्या धान्याजवळ किंवा तेलाजवळ ठेवल्या जातात, तेथे ही माहिती मुलांच्या तोंडून पोचणे फार मोलाचे आहे.

प्रश्न व उपक्रम

१. पंपाची टाकी ८ लिटरची आहे. तिच्यात ६ लिटर पाणी भरून दाब ३ केला. २ लिटर पाणी फवारल्यावर दाब किती राहील?

२. १५ मीटर लांब व ८ मीटर रुंद हिरवळीस २० चौरस मीटरला १ लिटर ह्या प्रमाणाने किती अर्क लागेल? त्यासाठी निंबोळीचे चूर्ण किती घ्यावे?

३. दट्ट्या वर ओढताना टाकीतील हवा बाहेर का येत नाही? आकृती काढून सांगा.

४. शाळेतील निकामी पंप शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडून भागांची यादी करा. कोणता भाग बदलल्यास तो पुन्हा चालेल? त्या पंपात पूर्वी विषारी औषध भरले गेले असल्याची शंका असेल, तर तो उघडू नये व पुन्हा वापरातही आणू नये.